घरच्या कचऱ्यातून कामाच्या वस्तू: नागपुरात वस्ती-वर्ग चालवणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या वस्तीत, गल्लीत किंवा अपार्टमेंटमध्ये चार लोकांना हे शिकवावं, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे पान आहे. प्रश्न वर्गांत आलेल्यांचे आहेत. काही त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

वर्गात नेमकं काय शिकवायचं? बाटल्यांचे फुलदाणे, सीडीची तोरणं?

नाही. आमचा नियम एकच: जी वस्तू घरात एरवी विकत आणावी लागते, तीच कचऱ्यातून करायची. कुंड्यांसाठी खत, फरशी पुसायचं द्रावण, बाजाराची पिशवी, वाकळ, पायपुसणं, भांडी घासायचा साबण. यादी एवढीच आहे आणि ती पुरते.

प्लास्टिकच्या बाटलीचा मोर करायला मजा येते, फोटोही छान निघतो. पण वर्षभर धूळ खाऊन तो पुन्हा कचऱ्यातच जातो. तोवर त्याला रंग, गोंद आणि टिकल्या लागलेल्या असतात, त्यामुळे जी बाटली आधी कबाडीवाल्याने घेतली असती ती आता कोणीच घेत नाही. म्हणजे कचरा वाढला. हस्तकला म्हणून करायचं तर जरूर करा, पण त्याला कचरा कमी करणं म्हणू नका.

कचऱ्याची गाडी रोज येते. "मंग हे काहून करायचं जी?"

गाडी कचरा नेते, संपवत नाही. तो पूर्व नागपुरात भांडेवाडीच्या कचरा डेपोत जातो. उन्हाळ्यात तिथे आगी लागतात, आणि आजूबाजूच्या वस्त्यांत धुरात खिडक्या लावून कोण बसतं ते तिकडे नातेवाईक असलेल्यांना विचारा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याला आपण "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणतो तसंच कचऱ्याचं झालंय. दाराबाहेर गेला की आपल्यापुरता तो संपला.

शिवाय ओला, सुका वगैरे कचरा घरातच वेगळा करणं २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांपासून बंधनकारक आहे. तेव्हा अर्धं काम तसंही तुम्हाला करायचंच आहे.

सुरुवात कशापासून करू?

खतापासून. साबणापासून नको, पिशव्यांपासूनही नको. आपल्याकडच्या घरातल्या कचऱ्यात वजनाने निम्म्याहून जास्त भाग ओला असतो, आणि उरलेला सगळा कचरा घाण होतो तो त्याच्यामुळे. चहाचा चोथा आणि वरणाचं पाणी रद्दीत मिसळलं की रद्दी वाया गेली. ओलं बाजूला काढलं की सुकं आपोआप कोरडं राहतं, आणि मग त्यातून वस्तू करायच्या का विकायचं, हे तुम्ही ठरवू शकता. हा टप्पा ओलांडून थेट "वेस्टपासून बेस्ट" शिकवणारे वर्ग आम्ही पाहिले आहेत. तिथे बायका बाजारातून नवी कोरी बाटली आणून तिचा लँप करतात.

खताची रीत सांगा, पण वीस हजारांची मशीन नको.

मशीन लागतच नाही. डिस्टेंपरच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या स्वच्छ धुऊन घ्या, चौघांच्या घराला तीन पुरतात. बुडाला आणि बाजूंना बोटभर अंतरावर भोकं पाडा. खाली विटेचे तुकडे किंवा नारळाच्या शेंड्या, वर मूठभर जुनं खत किंवा शेणखत. मग रोज एक वाटी ओलं टाकलं की त्यावर दोन वाट्या सुकं.

सगळा खेळ या सुक्याचा आहे. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, सुक्या पाल्यात कार्बन. एक भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कार्बन असला की जिवाणू नीट काम करतात. वर्गात आकडे सांगू नका, वाट्याच सांगा.

सुकं कुठून आणायचं? नागपुरात हा प्रश्न पडू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेला कडुनिंब आणि करंजाच्या पाल्याचे ढीग लागतात आणि सकाळी कोणीतरी त्यांना काडी लावतं. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये पाच हजारांपासून दंड ठरवला आहे, तरीही. तोच पाला पोत्यात भरून ठेवा, वर्षभर पुरतो.

दुसरी गोष्ट खास आपल्याकडची: कूलरच्या ताट्या. दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये घरोघरी जुन्या ताट्या काढून फेकतात. त्यातलं लाकडी गवत म्हणजे उत्तम सुकं साहित्य. खारट पाण्याचा पांढरा थर बसलेला असतो, म्हणून एकदा पाण्यातून काढा, वाळवा, कात्रीने बारीक करा. जाळी आणि तार वेगळी कबाडीला द्या.

ओल किती हवी, हे हाताने कळतं. मूठभर घेऊन दाबा. बोटांतून पाणी टपकलं तर जास्त ओलं आहे, पाला घाला. मूठ उघडताच भुगा सुटला तर कोरडं, पाणी शिंपडा. मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेला की, बादली दोन दिवसांत खडखडीत होते, तेव्हा ती सावलीत आणि वर ओलं पोतं. पावसाळ्यात उलट, झाकण नीट आणि सुकं जास्त. आठवड्यातून दोनदा काडीने ढवळलं की दोन-अडीच महिन्यांत काळंभोर, पावसाच्या मातीसारखा वास येणारं खत हाती येतं. टाकलेल्या वजनाच्या चौथा-पाचवा हिस्सा उरतो. कमी वाटतं खरं, पण बाकीचं पाणी आणि वायू होऊन गेलेलं असतं.

अळ्या झाल्या. "सासूबाई म्हणून राहिल्या फेकून दे."

सासूबाईंना सांगा की त्या मोठ्या, चपट्या, करड्या अळ्या बहुतेक करून काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या कचरा झपाट्याने खातात, चावत नाहीत, आणि त्यांची माशी अन्नावर बसत फिरत नाही. नको असतील तर सुकं वाढवा आणि बादली दोन तास उन्हात उघडी ठेवा, नागपूरचं ऊन बाकीचं करतं. बारीक पांढऱ्या अळ्या असतील तर ती घरमाशी. म्हणजे ओलं उघडं राहतंय, ते पाल्याखाली झाकत जा.

वास आला तर तो नेहमी एकाच कारणाने: हवा कमी, पाणी जास्त. पाला घालून ढवळा, दोन दिवसांत जातो.

काय टाकायचं नाही?

हाडं, मासे, तेलकट रस्सा. सावजीच्या भांड्यातला तवंग तर मुळीच नको, उंदीर-मांजरं रात्रीच बादली पालथी करतील. शिजवलेला भात-पोळी थोडी चालते, पण पाल्यात नीट मिसळून.

गांडूळखत का नाही शिकवत?

शिकवतो, पण दुसऱ्या टप्प्यात. गांडुळं पस्तीस अंशांच्या वर तग धरत नाहीत आणि आपला उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. नवशिक्याने मार्चमध्ये सुरू केलं तर मेपर्यंत गांडुळं मरतात आणि माणूस खताचंच नाव काढत नाही. सुरू करायचं तर पाऊस स्थिरावल्यावर किंवा दिवाळीनंतर. आणि त्यात संत्र्याची सालं टाकू नका, त्यांतलं तेल गांडुळांना सोसत नाही.

मग संत्र्याच्या सालांचं काय करायचं?

नागपूरकराने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबरपासून येतात, मृग बहाराची फेब्रुवारीपासून. मधले दोन-चार आठवडे सोडले तर अर्धं वर्ष घरात साल असते. ज्यूसवाल्याकडे तर पोत्याने असते, तो फुकट देतो.

सालांपासून साफसफाईचं द्रावण करतात, त्याला सगळे बायोएंझाइम म्हणतात. प्रमाण १:३:१०. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साल, १ लिटर पाणी. काळा, स्वस्तातला गूळ उत्तम. सगळं दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत घाला, वरची तिसरा हिस्सा जागा रिकामी ठेवा, झाकण लावा आणि बाटलीवर तारीख लिहा. काचेची बाटली वापरायची नाही, वायू साठून फुटते. पहिला महिना रोज एकदा झाकण सैल करून फुस्स आवाज होऊ द्यायचा, नंतर आठवड्यातून एकदा पुरे. तीन महिन्यांनी गाळलं की व्हिनेगरसारख्या वासाचं, पिवळसर-तपकिरी पाणी मिळतं. वर पांढरी साय आली तर हरकत नाही. काळी बुरशी आली तर थोडा गूळ घालून हलवा, तरी नाही गेली तर सगळं खताच्या बादलीत ओता. गाळून उरलेला चोथा अर्धा पुढच्या बाटलीत विरजण म्हणून घातला तर ती लवकर तयार होते.

लिटरमागे पाच-सहा रुपयांचा गूळ लागतो, बाकी खर्च नाही. वर्गातल्या बायकांना सगळ्यात आधी पटतं ते हेच. कारण महिन्याला फरशीच्या लिक्विडवर किती जातात ते त्यांना तोंडपाठ असतं.

हे फिनाइलच्या जागी चालतं का? जंतू मरतात का?

रोजच्या पुसण्याला चालतं: अर्धी बादली पाण्यात दोन-तीन झाकणं. बेसिन आणि टाइल्सवरचे खाऱ्या पाण्याचे डाग थोडं जाड वापरलं तर निघतात. पण ते जंतुनाशक नाही. घरात कोणी आजारी असेल तर दुकानातलं जंतुनाशकच वापरा. ब्लिचिंग पावडर किंवा ब्लीच यांच्यात हे द्रावण कधीही मिसळू नका. आम्ल आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो.

संगमरवर, कोटा, कडप्पा यांवरही नको. हे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत, आम्लाने त्यांची चकाकी जाते. महाल भागातल्या जुन्या घरांत कोट्याची फरशी खूप, तिथे हे आवर्जून सांगा.

आणि या द्रावणाने तळी शुद्ध होतात, मधुमेह बरा होतो वगैरे व्हॉट्सॲपवर फिरतं ते वर्गात पुन्हा सांगू नका. एक खोटा दावा उघडा पडला की खरी गोष्टही कोणी ऐकत नाही.

तळणाच्या उरलेल्या तेलाचा साबण करता येतो म्हणे?

येतो, आणि चांगला होतो. पण यात कॉस्टिक सोडा आहे, म्हणून हा वर्ग सगळ्यात शेवटी, फक्त मोठ्यांसाठी, आणि एका वेळी चार-पाच जणींपेक्षा जास्त नको.

तेल आधी फडक्यातून गाळा. सोयाबीन, सूर्यफूल किंवा शेंगदाणा, कोणतंही १ किलो तेल, १२८ ग्रॅम कॉस्टिक सोडा, ३०० मिलिलिटर पाणी. सगळं डिजिटल काट्यावर तोलायचं, वाटी-चमच्याचा अंदाज इथे चालत नाही. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यात कधीच नाही, उसळून तोंडावर येतं. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं. जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) पातेलं घेतलंत तर ते खाल्लं जाईल आणि ज्वलनशील वायू सुटेल. हातमोजे, चष्मा, उघडी हवा आणि मुलं लांब. पाणी चांगलंच तापतं, ते कोमट होऊ द्या, मग बारीक धारेने तेलात घालत लाकडी दांड्याने हलवत राहा. बासुंदीपेक्षा घट्ट झालं की दुधाच्या रिकाम्या डब्यांत ओता. दोन दिवसांनी वड्या कापा आणि चार ते सहा आठवडे वाऱ्यावर ठेवा. त्याआधी वापरला तर हात सोलवटतात.

अंगावर थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं. लिंबू चोळायचं नाही.

हा साबण कपड्यांना आणि भांड्यांना. अंगाला नको. कोपऱ्यावरच्या समोसेवाल्याकडूनही तेल मागता येतं. १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही, असा नियम आहे. त्यामुळे त्यालाही ते कुठेतरी द्यायचंच असतं.

जुन्या साड्या ढीगभर आहेत.

साडेपाच मीटरच्या एका साडीतून बाजाराच्या दहा चांगल्या पिशव्या निघतात. साडीची पूर्ण रुंदी घेऊन ४५ सेंटीमीटरच्या पट्ट्या कापा, प्रत्येक पट्टी मधे दुमडली की एक पिशवी. उरलेल्या तुकड्याचे बंद. बंद दुहेरी शिवा आणि जोडावर चौकोनात फुली मारा, कारण पिशवी फाटते ती तिथूनच. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, पण बुधवार बाजारात भाजी घेताना हाताला पिशवी नसेल तर बंदी काय करणार? घडी घालून पर्समध्ये बसेल अशी पातळ साडीची पिशवीच खरी वापरली जाते. जाड कॅनव्हासची घरी खुंटीवर राहते.

सुती साड्या आणि धोतरं पिशव्यांत घालवू नका, त्यांची वाकळ करा. वाकळ शिकवायला बाहेरून कोणी आणायची गरज नसते, प्रत्येक वस्तीत एखादी आजी असतेच. गोळीबार चौकाकडच्या विणकर घरांतल्या बायकांचा हात तर पाहत राहावा असा. त्यांना मानधन द्या. "मावशी, जरा दाखवा ना" म्हणून अख्खी दुपार फुकट घेणं बरं नव्हे.

टी-शर्टच्या पट्ट्या कापून वेणी घालून पायपुसणी. ही मुलांनाही जमतात.

वर्तमानपत्राच्या पिशव्या?

औषधांच्या किंवा स्टेशनरीच्या दुकानासाठी ठीक. खाण्याच्या वस्तूंसाठी नाही. छपाईची शाई अन्नात उतरते, अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही यावर इशारा दिलेला आहे. तर्री-पोहे कागदावर खायची सवय सोडणं अवघड आहे, माहीत आहे.

प्लास्टिकचं घरी काय करता येईल?

जवळजवळ काही नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. वितळवून विटा, टाइल्स करण्याचे व्हिडिओ पाहून कोणी चुलीवर प्लास्टिक ठेवू नये. विशेषतः पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन सुटतात. दुधाच्या पिशव्या कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा करू नका, पिशवी धुऊन वाळवून कबाडीला द्या. बाटल्या, डबे तसेच.

चिप्सच्या आणि तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्न्या उरतात. (खर्ऱ्याच्या पन्न्या किती निघतात ते पाहून वर्गातले पुरुष जरा गप्प होतात.) बाटलीत ठासून भरून विटेसारखी वापरायची पद्धत आहे. एक लिटरच्या बाटलीत किमान ३३० ग्रॅम भरलं तर ती टणक होते. ते बसायचे स्टूल करायला चालेल, पण त्यासाठी चिप्स जास्त खाऊ नका.

सेल, ट्यूबलाइट, सीएफएल, औषधं आणि सॅनिटरी पॅड यांना हात लावायचा नाही. वेगळे बांधून गाडीत द्या.

निर्माल्य?

गणपती-गौरींच्या दिवसांत पालिकेच्या कृत्रिम टाक्यांजवळ निर्माल्य कलश असतात, तिथे द्या. नाहीतर दोरे, थर्माकोल, चमकी काढून खताच्या बादलीत टाका. झेंडूच्या पाकळ्या सावलीत वाळवून दळल्या की रंगपंचमीचा पिवळा रंग होतो. गणेशोत्सवात सुचणारी ही कल्पना होळीपर्यंत कोण लक्षात ठेवतं, हा खरा प्रश्न.

शिकवणाऱ्याला शास्त्र यायला हवं का? इथे तर पर्यावरण संशोधनाची नीरीसारखी संस्था आहे.

नीरी १९५८ पासून नागपुरात आहे ही अभिमानाची गोष्ट, पण खताच्या बादलीसाठी शास्त्रज्ञ लागत नाही. शिकवणाऱ्याच्या घरी स्वतःची चालू बादली हवी, बस. पाहायला आलेल्या शेजारणीला झाकण उघडून दाखवता आलं की पुरे.

वर्ग भरवायचा कुठे, कधी, किती जणांचा?

समाजमंदिर, बुद्ध विहार, अंगणवाडी, अपार्टमेंटचं पार्किंग. जिथे लोक आधीच येतात तिथे. दुपारी दोन ते चार ही वेळ घरी असणाऱ्या बायकांना सोयीची. पण धुणीभांडी करणाऱ्या मावश्यांना ती जमत नाही, त्यांच्यासाठी रविवारी संध्याकाळ ठेवा. दहा-बारा जण पुरे. पन्नास आले तर मागचे फक्त ऐकतात, आणि ऐकून बादली भरत नाही.

बचत गट असेल तर त्याच्यातूनच जा. बैठक ठरलेली असते, हजेरी असते, आणि कोणी बादली सोडून दिली तर चौघी विचारतात.

भाषण नको. पहिल्या दहा मिनिटांत हात घाण झाले पाहिजेत. भाषेचंही अवघडू नका, नागपुरात अर्धा वर्ग मराठीत विचारतो नि अर्धा हिंदीत.

पुरुषांना बोलावताना "या" म्हणून भागत नाही, काम द्या: बादल्यांना भोकं पाडणं, पाल्याची पोती आणणं. मग ते टिकतात.

आणि वस्तीतल्या कबाडीवाल्या भाऊंना आणि सफाई करणाऱ्या ताईंना एका वर्गाला पाहुणे म्हणून बोलवा. कोणतं प्लास्टिक विकलं जातं आणि कोणतं नाही, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. जे त्यांच्या पोटापाण्याचं आहे ते आपण "प्रोजेक्ट" म्हणून काढून घ्यायचं नाही.

यातून कमाई होईल का?

आधी बचत होते, कमाई नंतर आणि थोडी. पिशव्या आणि पायपुसणी विकता येतात. हिशेब करताना धागा, वीज आणि स्वतःचे तास धरा. बहुतेक जणी तास धरतच नाहीत आणि मग "परवडत नाही" कळायला वर्ष जातं. अंगाचा साबण, फेस पॅक विकायचा तर सौंदर्यप्रसाधनांचा परवाना लागतो. खत पाकिटात भरून बाजारात न्यायचं तर १९८५ च्या खत नियंत्रण आदेशातले निकष लागू होतात. शेजारच्या नर्सरीवाल्याशी खताच्या बदल्यात रोपं, हा व्यवहार जास्त सुटसुटीत.

आमच्याकडे गॅलरीही नाही. दोन खोल्या, त्याही भाड्याच्या.

मग बादली सामायिक करा. चार घरं मिळून गल्लीच्या टोकाला एक ड्रम, आणि ढवळायची पाळी. घरमालकाला आधी सांगा, पहिलं खत त्याच्या कुंडीत घाला.

दोन-तीन महिन्यांनी लोक सोडून देतात. काय करावं?

सोडतात ते बहुधा सुकं संपलं म्हणून. पाल्याची दोन पोती वर्ग संपताना प्रत्येकीच्या घरी पोचलेली हवीत. दुसरं म्हणजे तिसऱ्या आठवड्यात घरी जाऊन पाहणं. वास, अळ्या, नवऱ्याची कटकट, सगळं त्याच सुमाराला सुरू होतं. फोन करून "चालू आहे ना?" विचारलं तर सगळ्या "हो जी" म्हणतात.

पहिल्या वर्गाला येताना काय आणायचं?

आदल्या दिवसाचा घरचा कचरा, आहे तसा, न निवडता. लाजेखातर चांगला-चांगला निवडून आणू नका. जुनं वर्तमानपत्र अंथरायला, एक रिकामी दोन लिटरची बाटली, आणि साडी नेसून येणार असाल तर जुनी.